धाकट्याची जागा

आमची मुलं जुळी. आधी आला तो थोरला, त्याच्या मागोमाग ओरडत आला तो धाकटा. पण धाकटा थोरल्यापेक्षा वयानं मोठा आहे असं एका मशीनचं म्हणणं पडलं, आणि मशीनपुढं आमचं काही चाललं नाही.

सतरा वर्षांखालच्या मुलांची देशादेशांमधली फुटबॉल स्पर्धा होती आणि आपल्या देशाच्या संघात दोघांचीही निवड झाली होती. थोरला मधल्या फळीत, धाकटा डाव्या बाजूला. मी लिफ्ट दुरुस्त करतो. निवड झाली त्या दिवशी ज्या ज्या इमारतीत कामाला गेलो, तिथल्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना धरून धरून ही बातमी सांगितली. एका बाईंनी कंटाळून विचारलं, "ते सगळं छान आहे हो, पण लिफ्ट कधी चालू होणार?" मी म्हटलं, "बाई, आजच्या दिवस जिन्यानं जा. तब्येतीला चांगलं असतं."

मग मनगटाची तपासणी आली. मोठ्या पोरांना लहान म्हणून खपवू नये यासाठी स्पर्धेआधी प्रत्येकाच्या मनगटाचा एमआरआय काढतात. वाढत्या वयात तिथल्या हाडाच्या टोकाशी एक रेघ दिसते म्हणे. ती पूर्ण बुजली असेल तर मुलगा बाद. थोरल्याची रेघ दिसत होती. धाकट्याची बुजली होती.

संघाच्या मॅनेजरनं आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणि समोर संगणकाच्या पडद्यावर आमच्या पोरांची मनगटं शेजारी शेजारी. कोपऱ्यात डॉक्टर बसला होता, अगदी कोवळा. त्याचीच रेघ बुजली होती की नाही कोण जाणे.

"साहेब, हे दोघं एकाच दिवशी झालेत," मी म्हटलं.

"तारखेबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही," मॅनेजर म्हणाला. "पण इथं जन्माचा दाखला चालत नाही. हाड सांगेल तेच."

"म्हणजे काय समजायचं आम्ही?" बायकोनं विचारलं. "हा माझ्या पोटात आधीपासून राहायला होता आणि थोरला मागून आला? अहो, मी होते ना तिथं! मला विचारा की!"

डॉक्टरला हसू आलं आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. "ताई, तुमचं खरं आहे," तो म्हणाला. "काही मुलांची हाडं लवकर पक्की होतात. त्याचं वय खोटं आहे असं कुणीच म्हणत नाही. पण रेघ बुजलेला मुलगा खेळवता येत नाही. माझ्या हातात काही नाही हो."

कुणाच्याच हातात काही नव्हतं. मला असा राग आला की मी टेबलावर हात आपटला आणि एक बाटली गडगडत खाली गेली. ती उचलायला मीच वाकलो. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते आणि जो शेवटी चढला त्याला उतरावं लागतं. त्याचा काही दोष नसतो, सगळे मात्र त्याच्याकडेच बघत असतात. माझं लेकरू तसं उतरवलं गेलं आणि मी नुसता बाटली हातात धरून उभा राहिलो.

धाकटा बाहेर बाकावर बसला होता. बायकोनं त्याला जवळ घेऊन सांगितलं. त्यानं मनगट उलटंसुलटं करून बघितलं, मग भावाबद्दल विचारलं, "त्याचं ठीक आहे ना?"

घरी आल्यावर थोरल्यानं डोक्यात राख घातली. "मी पण नाही जाणार. गेली उडत ती स्पर्धा."

धाकट्यानं त्याचे बूट उचलून बॅगेत कोंबले. "गपचूप निघतोस का घालू लाथ? आता मी मोठा आहे. मोठ्यांचं ऐकायचं असतं."

आम्ही चौघंही पोट धरून हसलो. हसता हसता बायको उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

थोरला संघाबरोबर गेला. इकडं लोकांच्या जिभेला हाड नव्हतंच. कोपऱ्यावरचा बेकरीवाला डोळा मारून म्हणाला, "आपल्यात सांगायला काय हरकत आहे? किती वर्षं लपवली होती?" मी हातातला पाव तिथंच ठेवला आणि तेव्हापासून लांबच्या बेकरीत जातो. तिथला पाव दगडासारखा असतो, पण मुकाट्यानं मिळतो. धाकटा मात्र कुणाला उलट बोलला नाही. रोज दुपारी एकटाच मैदानावर जायचा, भिंतीवर बॉल मारायचा आणि घामानं निथळत परत यायचा. जेवताना भावाच्या संघाबद्दल बोलायचा, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. त्याचं ते शहाण्यासारखं वागणं बघून माझा जीव तुटायचा. त्यानं आदळआपट केली असती तर निदान त्याला ओरडता तरी आलं असतं.

गटातल्या शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. तेवढं झालं की आपण पुढच्या फेरीत. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. वेळ संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता आणि थोरला असा खेळत होता की मी सोफ्याच्या कडेवर येऊन बसलो होतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ही दोघं आमच्या इमारतीमागच्या गाड्या लावायच्या जागेत खेळायला शिकली. गाड्यांच्या मधून वाट काढायची, त्यामुळे नजर कायम समोर ठेवावी लागायची. डावीकडे थोरला कधी बघायचाच नाही. अडकला की टाचेनं बॉल डावीकडे मागं सोडून द्यायचा, आणि तिथं धाकटा असायचाच. शाळेत, क्लबात, निवड चाचणीत, सगळीकडे हेच. निवडणाऱ्यांनी त्याचंच तर कौतुक केलं होतं. धाकट्याच्या जागी घेतलेला मुलगाही गुणी होता, पण तो आपला शिकवल्याप्रमाणे पुढं धावायचा.

तिघांनी थोरल्याला घेरलं. त्यानं वर बघितलं नाही. टाचेनं बॉल डावीकडे मागं सोडला.

तिथं कुणी नव्हतं. हिरवं मोकळं गवत होतं नुसतं. समोरच्या संघाचा एक पोरगा बॉल घेऊन एकटाच पळाला आणि आमच्या गोलकीपरला चकवून त्यानं गोल केला.

"हा पास नेमका कुणाला होता?" टीव्हीवरचा समालोचक विचारत होता. त्यांनी तेच पुन्हा दाखवलं, मग अजून एकदा, सावकाश.

मी वळून बघितलं. धाकटा कधी उठला होता कळलंच नाही. सोफा आणि टीव्हीच्या मधे उभा होता, डावा पाय पुढं टाकून.

"मला," तो म्हणाला.

आणि मग तो खाली फरशीवर बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. एमआरआय झाल्यापासून पहिल्यांदाच. "मी तिथं नव्हतो, बाबा," एवढंच म्हणत होता. "मी तिथं नव्हतो." त्याची आई त्याला पोटाशी धरून बसली. मी टीव्ही बंद केला. सामना संपलेला बघायची माझ्यात ताकद नव्हती.

थोरल्याला लोकांनी फोनवर काय काय लिहिलं ते मी इथं सांगणार नाही. विमानतळावर तो सगळ्यात शेवटी बाहेर आला, टोपी डोळ्यांवर ओढून. धाकट्यानं पुढं होऊन त्याची बॅग घेतली. गाडीत दोघं मागं बसले.

"मी बघितलंच नाही," थोरला म्हणाला.

"माहितीये मला."

"मला वाटलं तू..."

"माहितीये रे."

मी आरशात बघायचं टाळलं. समोर सिग्नल होता, तेवढाच बघत राहिलो.

आता दोघं पुन्हा आपल्या क्लबाकडून एकत्र खेळतात. पुढच्या स्पर्धेचं वय दोघांचंही निघून गेलं, मशीनच्या हिशोबानं आणि आमच्याही. रविवारी सकाळी मी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतो. क्लबाचे प्रशिक्षक थोरल्यावर खूष आहेत. पोरगा आता डोकं वर काढून खेळतो, पास देण्याआधी नीट बघतो, असं ते मला अभिमानानं सांगतात. मी मान डोलावतो. परवा त्याला दोघांनी घेरलं तेव्हा धाकटा त्याच्या नेहमीच्या जागी येऊन उभा होता, डावीकडे, जरा मागं. "आहे रे मी इथं," तो ओरडला. थोरल्यानं तरीही आधी वळून बघितलं.