कागदावर काही नको

माझं काम लोकांना नाही म्हणायचं आहे. गेली अठरा वर्षं मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका विमा कंपनीत दावे तपासते. हॉस्पिटलचे कागद समोर आले की बाकी सगळं बाजूला सारून मी एकच ओळ शोधते: त्रास कधीपासून आहे. पॉलिसीच्या आधीची तारीख सापडली की दावा बाद. माणूस खरंच अंथरुणाला खिळलाय का, त्याच्या घरात दुसरं कोण कमावतं, हे माझ्या टेबलावर येत नाही. ऑफिसात माझ्या नजरेचं कौतुक होतं. ते मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

त्यामुळे दर ऑगस्टला सूर्यकांत कारखान्यातून अपंगत्व विम्याचा फॉर्म घेऊन यायचा, तेव्हा निर्णय माझा असायचा. सूर्यकांत म्हणजे माझा नवरा. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो टूलरूम सांभाळतो. पत्रा दाबायचे साचे तिथे तयार होतात, आणि त्यांतला केसाएवढा फरक तो बोट फिरवून सांगायचा. फॉर्म साधा होता. वैद्यकीय तपासणी नाही, पगारातून थोडी कपात. अपघातानं किंवा आजारानं कायमचं काम सुटलं, तर निवृत्तीपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा मिळत राहणार. अट एकच. पॉलिसीच्या आधीपासूनचा किंवा पहिल्या नव्वद दिवसांत निदान झालेला आजार चालणार नाही.

"घ्यायचा का गं यंदा?" तो विचारायचा.

"काही नको. द्यायची वेळ आली की शंभर खुसपटं काढतात. मीच काढते ना!"

तो हसायचा, आणि फॉर्मची मागची कोरी बाजू अवनीच्या गणितांना जायची. अवनी आमची मुलगी, आता बारावीला आहे.

या जुलैत त्याला शर्टाचं वरचं बटण लावता येईना. मग एक दिवस जेवताना चमचा हातातून सुटला, दोन दिवसांनी पुन्हा. उजवी बोटं बधिर वाटतात, म्हणाला. चांगल्या बायकोला अशा वेळी डॉक्टर आठवतो. माझ्या डोक्यात आधी आला तो ऑगस्ट.

"यंदा फॉर्म भर," मी म्हणाले.

"अच्छा? आता एकदम वर्थ वाटायला लागला?"

"चेष्टा नको. तुझा हात म्हणजे आपलं घर आहे. काही निघालंच तर?"

"मग आधी डॉक्टरला दाखवू ना."

"आत्ता दाखवलंस की केसपेपर तयार होईल. त्याच्यावर जुलै लिहिलेलं असेल, आणि माझ्यासारखी कोणीतरी ते पाच मिनिटांत शोधून काढेल. नव्वद दिवस होऊ देत. तोपर्यंत कागदावर काही नको."

त्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "तुझंच फील्ड आहे हे. तू म्हणतेस तर बरोबरच असेल," म्हणाला. 'मला सध्या कोणताही त्रास नाही' या ओळीखाली सही करताना त्याच्या हातून पेन दोनदा निसटलं. सोळा ऑगस्टला पॉलिसी सुरू झाली.

त्यानंतरचे दिवस मी मोजले. दुसरं काही केलं नाही असं नाही. मलम आणलं, मानेचे व्यायाम शोधले, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या आणल्या आणि बिल तिथेच फाडलं. मानेचं दुखणं असेल, चाळिशी उलटली की व्हायचंच, असं मी त्याला सांगत होते. स्वतःलाही सांगत होते. पण सप्टेंबरात तो डाव्या हातानं जेवायला लागला. टूलरूममध्ये मापं आता अनिश घेतो, म्हणाला. अनिश त्याचा असिस्टंट. पोराला शिकू दे म्हणून, असं त्यानंच वर जोडलं, आणि मी ते मान्य केलं.

ऑक्टोबरात पाय घसटायला लागला. कंपनीच्या बसची पायरी चढताना तो दांडा दोन्ही हातांनी धरायचा. मी बाल्कनीतून बघायचे आणि बस सुटली की आत यायचे.

अवनीनं एकदा जेवताना विषय काढलाच. "मम्मा, पप्पा बिल्कुल ड्रंक माणसासारखे चालतात. यार, तुम्ही डॉक्टरकडे का नाही जात? दोघं इतके पढे-लिखे आहात!"

"तू तुझा अभ्यास कर. नाही त्या गोष्टीत नाक खुपसू नकोस," मी इतकी जोरात ओरडले की ती ताट सोडून उठली. सूर्यकांतनं तिला समजवायला उठायचा प्रयत्न केला. पहिल्या झटक्यात त्याला उठता आलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यानं मला हाक मारली. तो पलंगावर बसून होता, एक मोजा पायात, दुसरा हातात. "क्षिप्रा, जाऊया का आता? मला भीती वाटायला लागलीये."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तो असं एकदाही बोलला नव्हता.

आणि मी म्हणाले, "सव्वीस दिवस राहिलेत रे."

त्यानं मान हलवली. मी खाली बसून त्याला मोजा घालून दिला. त्या दिवशी उठून त्याला गाडीत घातलं असतं तर, हा विचार मी आता रोज करते. त्याचा काडीचा उपयोग नाही.

नव्वद दिवस पुरे झाले. ब्याण्णवाव्या दिवशी आम्ही गुडगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. गाडीत मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं: विचारलं तर पंधरा दिवस सांगायचं. आधी एमआरआय झाला, मग डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण होते, चेहऱ्यानं शांत.

"कब से है ये?"

"पंद्रह दिन," सूर्यकांत म्हणाला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. मानेतली चकती सरकून मज्जारज्जूला दाबत होती, आणि तिथे एक पांढुरका डाग होता. "पंद्रह दिन में इतना होना अजीब है," ते म्हणाले. "फिर तो इन्फेक्शन भी हो सकता है. पहले कमर से पानी निकालकर जाँच करेंगे, चार-पाँच दिन लगेंगे. महीनों में बढ़ा होता तो मैं परसों ही ऑपरेशन कर देता. ठीक से याद कीजिए."

सूर्यकांतनं माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवस म्हणत राहिलो तर विमा मिळेल. आणखी पाच दिवस गेले तर काय जाईल, हे मला माहीत नव्हतं. नव्वद दिवसांत काय गेलं, ते समोर खुर्चीत बसलं होतं.

"जुलाई से," मी म्हणाले. "जुलाई के पहले हफ्ते से."

डॉक्टरांनी लिहिलं. ती ओळ कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात येते ते मला पाठ आहे. मी तिकडे बघितलं नाही.

"तो परसों," ते म्हणाले. "और बढ़ने से रोक लेंगे. चल भी पाएँगे, शायद छड़ी लेकर. लेकिन दाहिना हाथ, मुझे नहीं लगता कि लौटेगा. नस बहुत दिन दबी रही है." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "जुलाई में आते तो हाथ बच जाता. आए क्यों नहीं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, कुणास ठाऊक.

"मैं ही टालता रहा," सूर्यकांत म्हणाला. "डॉक्टर का नाम सुनते ही डर लगता है मुझे. ये तो रोज़ पीछे पड़ती थी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, उलट कीव आल्यासारखं बघत होते. "आपको ज़बरदस्ती लाना चाहिए था मैडम."

"जी," मी म्हणाले.