तेलाच्या पाटीवरची बाई

बायको गेल्यावर पेंटरनं तिचं चित्र काढायला घेतलं, पण दर वेळी केसांच्या तेलाच्या पाटीवरची बाई निघाली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यात तीच सगळ्यात जास्त. हाताला दुसरी बाई येतच नव्हती. फोटो होते, पण फोटो काढताना बायको हटकून डोळे मिटायची, त्यामुळे सगळीकडे ती झोपलेली. आता तर नुसती आठवायला बसलं तरी तेलवालीच समोर यायची. त्याला याची भीती वाटायला लागली होती.

"भावोजी, रविवारी येतेय," मेहुणीनं फोनवर बजावलं. "भिंतीवर ताई दिसली पाहिजे. तेलाची जाहिरात नको."

जुन्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात चित्रकारांना नमुने बघू देतात, असं कळलं म्हणून तो तिथं गेला. ग्रंथपाल बाईंनी त्याचं पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली, हात धुवायला लावले आणि मध्ययुगातलं एक जाडजूड हस्तलिखित उशीवर ठेवलं. पानोपानी ख्रिस्ती संतिणींची चित्रं. सोन्याचा वर्ख अजून चकाकत होता.

"बाई, ह्यातल्या सगळ्या बायका एकाच तोंडाच्या आहेत."

"हो ना, काका. चेहरा एकच."

"मग कोण कुठली ते कळायचं कसं?"

"हातात बघा. हिच्या हातात चाक, हिच्या हातात बुरूज. त्यावरून लोक ओळखायचे."

"गिऱ्हाइकाची तक्रार नाही?"

"आमच्याकडे तरी अजून आली नाही."

घरी येऊन त्यानं बिनदिक्कत तेलवालीचा चेहरा काढला. सराफाच्या पाटीतला सोनेरी रंग उरला होता, त्याचं डोक्यामागं वलय केलं. मग डाव्या हातात टॉर्च. उजव्या हातात उगारलेली चप्पल. एक पाय अनवाणी. हे काढताना ब्रश कुठं अडला नाही.

रविवारी मेहुणी आली ती पिशवी हातात धरूनच चित्रासमोर उभी राहिली. पेंटर पंख्याकडे बघत बसला.

"अगं बाई, ताई!" ती म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसली. नाक पुसून झाल्यावर म्हणाली, "पण भावोजी, झुरळ कुठंय?"

"राहिलंच की."

त्यानं बारीक ब्रश घेतला आणि चौकटीच्या कोपऱ्यात झुरळ काढलं. मिशांसकट, हुबेहूब. मेहुणीनं पाय वर घेतले.

त्याचा नमुना बघायला कुठं जावं लागलं नाही. बायको गेल्यापासून घरात झुरळांना जाब विचारणारं कुणी नव्हतं.