बेंबी बसवणारी पुतळी

वरई पिकली की कुणासाठी थांबत नाही. एक दिवस उशीर झाला आणि वारा जरा जोरात सुटला, की दाणा मातीत जातो आणि हातात नुसता पेंढा उरतो. म्हणून पुतळी त्या दिवशी उजाडता उजाडता विळा घेऊन उतारावर चढली होती. आणि म्हणूनच आदल्या संध्याकाळपासून पोट दुखतंय, हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

न सांगायचं आणखी एक कारण होतं. पुतळी बेंबी बसवायची. मोखाड्याच्या बाजूच्या सात-आठ पाड्यांत कुणाचं पोट दुखलं, जड उचलताना कळ आली, की माणूस तिच्या अंगणात यायचा. जामसरकडूनसुद्धा लोक विचारत विचारत यायचे. ती माणसाला उताणं झोपवायची, दोन्ही पायांचे अंगठे जुळवून बघायची. एक अंगठा मागं राहिला की बेंबी सरकली. मग तेल लावून पोट असं रगडायची, की माणूस बोंबलतच उठायचा. पण उठायचा. तीस वर्षं तिचा हात चालला होता. अशा बाईनं माझंच पोट दुखतंय म्हणून कुणाला सांगायचं?

दव पडून माती निसरडी झाली होती. ऊन वर आलं तशी कळ बेंबीपाशी राहिली नाही, सरकत सरकत उजवीकडं खाली गेली आणि तिथं ठाण मांडून बसली. पुतळीनं मूठभर वरई धरली, विळा ओढला आणि वाकली ती वाकलीच. सरळ होता येईना.

"काय झाला गं?" वरच्या टप्प्यातून देवरामनं, तिच्या नवऱ्यानं, हाक मारली.

"काय नाय. काप तू."

"काय नाय तं अशी कमान का झालीस?"

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि भडाभडा ओकली. हिरवं, कडू पाणी. देवराम विळा टाकून धावत खाली आला. सून नीता पेंढ्या बांधत होती, तीही आली. दोघांनी मिळून तिला खाली आणली. उजवा पाय टेकला की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

घरात घोंगडीवर टाकल्यावर देवरामनं तिचे अंगठे जुळवून बघितले. तीस वर्षं बघत आलेला माणूस, त्याला काय शिकवायचं होतं?

"सरकलीय," तो म्हणाला, "चांगली बोटभर सरकलीय. थांब, हिराबाईला आनतो."

हिराबाई शेजारच्याच घरातली. पुतळीच्याच वयाची, पुतळीच्याच हाताखाली चोळायला शिकलेली. ती तेलाची वाटी घेऊन आली, गुडघे टेकून बसली आणि पुतळीकडं बघून हसली. "लोकांच्या बेंब्या बसवतांस, आन तुजीच पळाली का गं?"

पुतळीलाही हसू येत होतं, पण हसलं की दुखत होतं. हिराबाईनं तळहाताला तेल लावलं. पुतळीनं त्याआधी सवयीनं स्वतःची चार बोटं उजव्या बाजूला टेकवून बघितली. पोट फळीसारखं टणक झालं होतं. बेंबी सरकलेलं पोट असं नसतं. ते मऊ असतं, आत गोळा फिरतो, तो तिच्या बोटांना ओळखीचा होता. हे काहीतरी निराळंच होतं. तेवढ्यात हिराबाईचा तळवा पोटाला लागला.

"हात लावू नको!" पुतळी किंचाळली. "मरन माजा! हात लावू नको!"

हिराबाईचा हात तसाच हवेत राहिला. तेल तिच्या मनगटावरून कोपराकडं ओघळलं, तरी तिनं पुसलं नाही. ती पुतळीच्या तोंडाकडं बघत होती.

"मंगळी बी असाच बोलली व्हती," ती हळूच म्हणाली.

बाहेर कोंबड्या तेवढ्या कुचकुचत होत्या.

मंगळी हिराबाईची लेक. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, अठरा वर्षांची पोर. याच दिवसांत, वरईतूनच पोट धरून आली होती. तिचंही आधी बेंबीपाशी दुखलं, मग उजवीकडं. तीही हिरवं ओकली. आणि पुतळीनं हात लावला तेव्हा ती ओरडली होती, आत्ये, हात लावू नको. पुतळी तिला रागावली होती. चोळताना पोरी ओरडतातच, तू काय नवलाची आहेस का, असं म्हणाली होती. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चोळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक दुखणं थांबलं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, पोट फुगलं, आणि दुपारी मंगळी गेली. बाहेरचं काही लागलं, असं पाडा म्हणाला. पुतळीही तसंच म्हणाली होती.

आता घोंगडीवर पडल्या पडल्या पुतळी दिवस मोजू लागली. काल संध्याकाळी सुरू झालं. म्हणजे आज दुसरा दिवस. उद्या तिसरा.

इतकी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती. घरात साप निघाला तेव्हा नाही, पुरात ओढा ओलांडताना नाही. ती भीती बाहेरची होती, तिच्यापासून पळता येत होतं. ही तर पोटातच बसलेली.

"माला जव्हारच्या दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

देवराम दचकला. "तठं पोट फाडतात."

"फाडू दे."

"आगं, सकाळपतूर बघू. कदाचित थांबंल दुखायचा."

"थांबला तं जास्त भ्यायचा!" पुतळी ओरडली. "मंगळीचा थांबला व्हता! इसरलास का?"

नीतानं सरळ जीपवाल्या गोकुळला फोन लावला. अर्ध्या तासात गोकुळची जीप पाड्याखालच्या वळणावर येऊन थांबली. पुतळीला बसवताना हिराबाईनं तिची पिशवी आत ठेवली. पुतळीला तिच्याकडं बघायचा धीर झाला नाही.

तो रस्ता पुतळी कधी विसरणार नाही. प्रत्येक खड्डा आधी तिच्या पोटाला कळायचा, मग जीपला. गोकुळ बिचारा जपून चालवत होता, तरी ती त्याच्या सात पिढ्या उद्धारत होती. शिव्या देऊन दम लागला की गप्प बसायची, आणि गप्प बसली की भीती वर यायची. बकऱ्याच्या पोटात सुरी घालताना तिनं किती वेळा बघितलं होतं. आतडं बाहेर आल्यावर बकरा काही परत उठत नाही. मग माणूस कसा उठत असेल?

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, नीताहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं उजव्या बाजूला बोटं ठेवली. हळू हळू दाबली आणि एकदम सोडून दिली. सोडल्याबरोबर पुतळीच्या तोंडून अशी आरोळी निघाली की बाहेरचा देवराम आत आला.

"दाबल्यावर जास्त दुखलं, की सोडल्यावर?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"सोडल्यावर," पुतळी म्हणाली. तीस वर्षं ती पोटं दाबत आली होती. हात काढताना माणसाचं तोंड कसं होतं, ते तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

रक्त घेतलं, पोटावरून मशीन फिरवलं. अपेंडिक्स आहे, सुजलंय, आजच काढायला हवं, असं सांगितलं. देवरामनं कागदावर सही करताना आपलं नाव दोनदा चुकवलं. मग पुतळीच्या पाठीच्या कण्यात सुई टोचली, आणि थोड्या वेळात कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. पुतळीला वाटलं, मरण खालून वर येत असणार. पायांपासून सुरुवात झाली, आता छातीपाशी आलं की संपलं.

"बाय, माजे पाय कुठं गेले?" तिनं डोक्याशी उभ्या असलेल्या नर्सला विचारलं. नर्सचं नाव पुष्पलता, बाई जवळच्याच साखरशेतची.

"तठंच हायेत मावशी. कुठं जातील तुला टाकून?"

"मोज गं एकदा."

पुष्पलतानं खरोखर पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "दोन हायेत." मग पुतळीनं डोळे मिटले आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. आत कुणीतरी काहीतरी ओढत होतं, दुखत नव्हतं, पण ओढलेलं कळत होतं. तिला देवाचं नाव आठवेना. मंगळीचंच आठवत होतं.

ती जगली. दुसऱ्या दिवशी खोकला आला तेव्हा मेले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, इतके टाके ओढले. पुष्पलतानं पोटावर उशी दाबून खोकायला शिकवलं. काठीसारखा आधार देऊन चालवलं. डॉक्टरीणबाई दर फेरीला वारा सरला का, असं विचारायची, आणि पुतळी लाजून भिंतीकडं तोंड करायची. देवरामला लाज नव्हती. तो दर तासाला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायचा, "सरला का गं?" शेवटी सरला, तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीनंसुद्धा आनंद केला. मग पातळ पेज मिळाली.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "वेळेवर आलात. दुसऱ्या दिवसापर्यंत फुटलं असतं. आणि एक बरं केलंत, पोट चोळलं नाहीत."

"चोळला असता तं?" पुतळीनं विचारलं. विचारायला नको होतं.

"आतल्या आत फुटलं असतं. फुटल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग पू पोटभर पसरतो. आमच्याकडं तशा बायका येतात. कधी वाचतात, कधी नाही."

घटकाभर बरं वाटतं. येताना जीपमध्ये पुतळी तेवढंच घोकत राहिली. जातानाची भीती सुरीची होती, ती संपली. आताची भीती शेजारच्या घराची होती.

घरी आल्यावर नीतानं सांगितलं, "आत्या, वरई सगळी घरात आली. हिराबाईनं कापली, चार दिवस. तिची स्वतःची उभी ठेवून."

हिराबाई मात्र घरात पाऊल टाकत नव्हती. पुतळी दारापाशी पडून रोज तिला अंगणातून जाताना बघायची. आज हाक मारेन म्हणायची आणि मारायची नाही. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? बाहेरचं लागलं, असंच पाडा म्हणत राहिला असता. आणि रात्री कूस बदलली की टाका ओढायचा, आणि ती जागी व्हायची.

आठव्या दिवशी सकाळी हिराबाई आपणहून आली. हातात नाचणीच्या पेजेचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि बसली.

"काय व्हता म्हनं, डाक्टर काय बोलली?"

"अपेंडिक्स."

"मंगळीला तोच व्हता का?"

नाही म्हणायला एकच शब्द लागत होता, आणि तो तोंडात तयार होता.

"व्हय," ती म्हणाली. "तोच व्हता, हिराबाय. बेंबी नव्हती. माला कळला नाय. पोरगी ओरडत व्हती, आन मी चोळत गेले. माज्या हातानं झाला."

हिराबाई म्हणाली, "दाखव."

पुतळीनं लुगडं बाजूला केलं. उजव्या बाजूला चार बोटांएवढी शिवण होती, टाक्यांची टोकं अजून काळी दिसत होती. हिराबाई वाकून जवळून बघत राहिली.

"येवडासाच?"

"येवडासाच."

"मी समजले, आख्खा पोट फाडतात." ती म्हणाली. "येवड्याशा कापाला भ्यालो आपून?"

पुतळीला रडू फुटलं, आणि रडताना टाके ओढले. तिनं उशी शोधली, ती सापडेना. "हात माजे व्हते गं," ती म्हणाली, "हात माजेच व्हते."

"आन पाय कोनी धरले व्हते?" हिराबाई म्हणाली. "पोरगी पळत व्हती चोळताना. तिचे पाय मी धरले व्हते, पुतळे. मी, तिच्या आयनं."

मग हिराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आता कोन आला पोट घेऊन, तं काय करशील?"

"जव्हारला धाडीन."

"नाय गेला तं?"

"मीच घेऊन जाईन. ही शिवन दाखवीन."

"मी बी येन," हिराबाई म्हणाली. "तू एकली गेलीस तं तुज्यावर कोन इस्वास ठेवंल? तू तं बेंबी बसवनारी."

तिनं लुगडं ओढून शिवण झाकली. मग कोपऱ्यातली उशी आणून पुतळीच्या पोटाशी ठेवली आणि निवत चाललेली पेज तिच्यापुढं सरकवली.