मुठीतला वाटाणा

क्लिफ टॅटरसॉलने सॉसच्या दोन बाटल्या, एक लाल आणि एक तपकिरी, टेबलावर वीतभर अंतराने उभ्या केल्या, मध्ये गोलकीपर म्हणून मिठाची छोटी बाटली ठेवली आणि ताटलीतला एक वाटाणा चिमटीत उचलला. क्रॅगशॉ टाउन या फुटबॉल क्लबच्या मैदानावरच्या पाहुण्यांच्या खोलीत चाळीस माणसं जेवत होती, तेवढ्यांचे काटेचमचे थांबले. सामना तीनला होता. पण घरचा सामना असला की दीडच्या ठोक्याला हा वाटाणा उचलला जायचा, आणि जेवणाची ऑर्डर द्यायला उशीर झालेली माणसंही तोवर गप्प बसायची. क्लबच्या स्वयंपाकघरातले वाटाणे बंदुकीत भरून ससे मारावेत इतके टणक, म्हणून तर ही करामत साधायची.

"सन अडुसष्ट. कपचा सामना," क्लिफ म्हणाला. "समोर ऑल्डमूर, लीगमध्ये आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे. चिखल असा, की आपला बचावपटू बिली क्रॅबट्री मध्यंतरापर्यंत कमरेच्या वरच शिल्लक होता. आणि धुकं असं, की कॉर्नर घेणाऱ्याला काही विचारायचं तर पत्र टाकावं लागायचं."

"आणि तू पस्तीस यार्डांवर," खिडकीजवळून अर्नॉल्ड पिलिंग ओरडला. हा म्हातारा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. क्लिफला टोमणे मारायला तो सामन्याला येतो, असं त्याची बायकोच म्हणायची. "गेल्या वर्षी तीस होते. तुझं वय वाढतं तसा तुझा गोलही लांब चाललाय, लेका. पुढच्या वर्षी रेल्वे स्टेशनातून मारशील!"

खोली हसली. हाही खेळाचाच भाग होता.

खरी गोष्ट एवढीच, की गोल झाला होता. बाकी सगळं क्लिफने हळूहळू जोडत नेलेलं. चेंडू जवळून, घोळक्यातून, त्याच्या नडगीला लागून निघाला, दोन टप्पे खाल्ले आणि ऑल्डमूरच्या बावीस वर्षांच्या गोलकीपरच्या हातांतून निसटून पोटाखालून आत गेला. क्रॅगशॉ जिंकलं. पंधरा वर्षांची कारकीर्द, चारशे बारा सामने, एकशे त्रेचाळीस गोल आणि दोन्ही गुडघे, असा क्लिफचा एकूण हिशोब. मध्ये एक वर्ष लंडनच्या बड्या क्लबाने नेलं होतं. तिथे अकरा सामन्यांत एकही गोल नाही, आणि नेली होती तीच सुटकेस घेऊन तो परत आला. पुढे बावीस वर्षं त्याने टपाल वाटलं. वाटेत कुत्री सोडून प्रत्येकाने त्याला दारात थांबवून विचारलं ते त्या एकाच गोलाबद्दल. बाकीचे एकशे बेचाळीस त्याचे त्यालाही नीट आठवत नव्हते.

काउंटरमागच्या भिंतीवर त्याच गोलाचा मोठा फोटो होता. जाळ्यात चेंडू, हात वर केलेला क्लिफ, आणि चिखलात पालथा पडलेला गोलकीपर.

"तर चेंडू आला," क्लिफने आवाज खाली आणला. "मी बघितलं, गोलकीपर दोन पावलं पुढे. म्हटलं, टॅटरसॉल, आता नाही तर कधीच नाही."

त्याने टिचकी मारली. वाटाणा मिठाच्या बाटलीला वळसा घालून, बाटल्यांच्या मधून जायला सुसाट निघाला. आणि शेजारच्या खुर्चीवरून एक भलामोठा हात आला आणि त्याने तो वाटाणा वरच्या वर टिपला.

"धरला," हाताचा मालक म्हणाला.

उंच, वाकलेला म्हातारा. टाय नीट बांधलेला, पण कोटाची गुंडी भलत्याच काजात. क्लिफने चेहरा ओळखला नाही. हात ओळखले. असले पंजे त्याने सगळ्या कारकिर्दीत एकाच माणसाला पाहिले होते.

लोक हसायला लागले होते. म्हाताऱ्याजवळची पन्नाशीची बाई मात्र हसत नव्हती. ती उठली आणि क्लिफच्या कानाशी आली.

"माफ करा, मिस्टर टॅटरसॉल. मी जिलियन. हे माझे वडील, लेन डक्सबरी. त्या दिवशी गोलात तेच..."

"दिसलं मला."

"मला कळतं तेव्हापासून तो चेंडू रोज त्यांच्या हातांतून निसटायचा. झोपेत ओरडायचे. बेकरीत कामाला लागले तर लोक म्हणायचे, पाव खाली पाडू नकोस हं, लेन." तिने आवाज आणखी बारीक केला. "आता विसरायचा आजार झालाय. आईचं नाव गेलं. माझं येतं-जातं. पण दोन वर्षं झाली, तो चेंडू निसटत नाही. त्यांना वाटतं, त्यांनी धरला. शांत झोपतात. आज हट्ट धरला, टॅटरसॉलला भेटायचं. तुम्ही इथे ही गोष्ट सांगता हे ठाऊक असतं, तर आणलं नसतं हो मी."

क्लिफने उजवा गुडघा चोळला. पाऊस यायचा असला किंवा पंचाईत झाली असली की तो गुडघा चोळायचा. लेन मूठ छातीशी धरून त्याच्याकडे बघत होता. आनंदाने नाही, रागानेही नाही. निकालाची वाट बघावी तसा.

"पुढे बोल की!" मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

"मंडळी," क्लिफ म्हणाला, "इतकी वर्षं मी तुम्हाला एक गोष्ट खोटी सांगत आलोय."

"एकच?" अर्नॉल्ड म्हणाला.

"एकच, अर्नॉल्ड. बाकीच्या तुला ठाऊक आहेत." हशा ओसरू देत क्लिफने लाल बाटली सरळ केली. "चेंडू मी मारला, पस्तीस यार्डांवरूनच मारला. पण तो आत गेला नाही."

क्लिफने तपकिरी बाटलीही सरळ केली.

"मारला तेव्हा वाटलं, झालाच. माझे हात आधीच वर गेले. आणि धुक्यातून हा गृहस्थ निघाला. उडाला म्हणजे किती? त्याच्या खालून धुकं वाहत गेलं, मंडळी. आडवा, लांबच्या लांब, जणू कुणी हवेत खाट टाकून दिली होती. आणि त्या दोन पंजांत चेंडू असा येऊन बसला, जसं कोंबडीच्या पोटाखाली अंडं. मी तिथेच उभा. हात वर ते वरच. खाली आणायचे कसे, तेच सुचेना."

काउंटरवरची ग्लेनिस तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिने मान वळवून फोटोकडे बघितलं, मग लेनकडे. मग ती हातातला ट्रे छातीशी धरून फोटोपुढे जाऊन उभी राहिली. ग्लेनिस अंगाने चांगली ऐसपैस. फोटोतला वर केलेला एक हात तेवढा तिच्या खांद्यावरून डोकावत राहिला.

"मग आपण जिंकलो कसे?" सामन्याची प्रायोजक असलेल्या फरशीच्या कंपनीतर्फे आलेल्या पाहुण्याने विचारलं.

"बिली क्रॅबट्री," क्लिफ बेधडक म्हणाला. "शेवटच्या मिनिटाला. डोक्याने."

बिलीने आयुष्यात एकही गोल केलेला नव्हता. मरून अकरा वर्षांनी का होईना, त्याचा भोपळा फुटला.

आता सगळे अर्नॉल्डकडे बघू लागले. अर्नॉल्ड त्या दिवशी त्याच गोलच्या जाळ्यामागे उभा होता, हे क्रॅगशॉत शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'नडगीला लागला होता, नडगीला' हे त्याने जन्मभर सांगितलं होतं. त्याने टोपी काढली. टोपीतून काही निघतंय का ते बघितलं.

"धुकं होतं," तो अखेर म्हणाला. "पण मी दहा हातांवर होतो. धरला होता त्याने. दोन्ही हातांनी."

पहिली टाळी ग्लेनिसने ट्रेवर वाजवली. मग खोलीच वाजायला लागली. लेन डक्सबरी खुर्चीच्या हाताला धरून उठला, पाठ होईल तेवढी सरळ केली आणि मूठ वर धरली. जिलियनने रुमाल काढला आणि उगाचच वडिलांच्या बाहीवरचा रश्शाचा डाग पुसायला घेतला.

अडीचला लोक कोट घालून बाहेर निघाले. अर्नॉल्ड क्लिफजवळून जाताना थबकला.

"म्हणजे आता एकशे बेचाळीस?"

"एकशे बेचाळीस."

"भरपूर आहेत," अर्नॉल्ड म्हणाला, आणि उत्तराला न थांबता जिना उतरला.

दाराशी जिलियन लेनच्या गुंड्या योग्य काजात घालत होती. क्लिफ निरोपाला पुढे झाला. लेनने त्याचा उजवा हात हातात घेतला, मूठ त्याच्या तळव्यावर उलटी केली आणि उघडली. वाटाणा चेंगरून सपाट झाला होता. मग लेनने क्लिफची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

"टॅटरसॉल."

"बोल, लेन."

म्हातारा त्याच्या कानाशी वाकला. "बारा यार्ड होते," तो म्हणाला. "आणि तुझ्या नडगीला लागला होता."

मग तो मुलीचा दंड धरून, एकेक पायरी बघत खाली गेला.

त्या दिवशी टाउनने दोन गोल केले. प्रेक्षकांचं सगळं स्टँड उभं राहून टाळ्या वाजवत होतं. क्लिफही उभा राहिला, पण त्याची उजवी मूठ सामना संपेपर्यंत कोटाच्या खिशातून बाहेर आली नाही.