सव्वादोनपट

माझा धाकटा भाऊ खाली पडला तरी त्याच्या हातातला ग्राइंडर फिरतच होता, असं बाबा म्हणाले. चाकाचा एक तुकडा त्याच्या गळ्यात घुसला होता, दुसरा छताच्या पत्र्यात.

घरामागे आमचं लोखंडी गेटं बनवायचं वर्कशॉप आहे. तिथलं मोठं मशीन जळालं आणि त्याची कापायची चाकं खोकंभर उरली. वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करणारे बाबा ती टाकतात कशाला? छोट्या ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, आड येत होतं, ते त्यांनी काढलं. "बसतंय की," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने मोठं चाक चढवून दिलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. दोरीला खोडरबर बांधून गरगर फिरवते आणि मुलांना विचारते, याला आत कोण ओढतंय? धाकटा गेल्यावर मी तेच गणित घेऊन बसले, कारण रडून रडून डोकं बधिर झालं होतं. मोठं मशीन मिनिटाला आठ हजार फेरे, छोटं बारा हजार. फेरे दीडपट, पण ओढ वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. कडेचा एक ग्रॅमचा कण धरून ठेवायला साडेसहा किलोंची ओढ पुरायची, तिथे साडेचौदा लागली. चाकाच्या अंगात तेवढी ताकदच नव्हती. पुन्हा मांडलं, तरी तेच.

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांचं जेवण सुटलं होतं.

"चाक आधीच तडकलेलं असणार, नाही का गं?"

"हो बाबा. तडकलेलंच होतं."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला बरं वाटलं, आणि त्यांचा रागही आला.

सोमवारी शाळेतून आले तर वर्कशॉपचं दार उघडं. धाकट्याच्या जागी थोरला भाऊ बसलेला, हातात तोच छोटा ग्राइंडर. बाबा खोक्यातलं एकेक चाक कानाशी धरून टिचकी मारत होते.

"हे घे, खणखणीत आहे," ते थोरल्याला म्हणाले. "तडकलेलं पुन्हा नाही चढवायचं."

मी ग्राइंडरची पिन भिंतीतून उपसून काढली.

"त्या दिवशीचं चाकही खणखणीतच होतं, बाबा. मी खोटं बोलले."

"मग?"

मी सगळं गणित सांगितलं. हातातलं चाक मांडीवर ठेवून ते शेवटी म्हणाले, "म्हणजे मीच."

मी "नाही" म्हणाले नाही.