वीस पॉइंट झिरो टू

अरुणाताई लेले तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी इंग्लंडातल्या ब्रॅकनेलजवळचा रायफल क्लब गाठला, रीतसर लायसन्स काढलं आणि हळूहळू आपली काडतुसंही घरीच भरू लागल्या. उल्का त्याच क्लबात नवी, आयटीतली. शनिवारच्या मॅचसाठी ताई काडतुसं भरणार म्हटल्यावर शुक्रवारी हाफ डे टाकून ती बघायला आली.

गॅरेजमध्ये थंडी मी म्हणत होती. ताई प्रत्येक काडतुसाची पावडर डिजिटल काट्यावर तोलत होत्या. दर दहा काडतुसांनंतर वीस ग्रॅमचं वजन चिमट्याने काट्यावर ठेवायचं आणि आकडा वहीत टिपायचा. वजनाला बोट म्हणून लावायचं नाही. दोन वेळा बरोबर वीस आले. तिसावं काडतूस झाल्यावर आकडा आला वीस पॉइंट झिरो टू.

"इतकंसंच तर आहे," उल्का म्हणाली.

"इतकंसंच. पण या दहांपैकी कुठल्या काडतुसापासून बिघडलं, सांगशील?"

ताईंनी शेवटची दहाही काडतुसं बाजूला काढली आणि एकेक उघडून पावडर रिकामी करायला घेतली. दीड तासाची मेहनत होती ती. त्यांच्या कपाळावर साधी आठी नव्हती.

उल्काचं लक्ष टेबलाखालच्या हीटरकडे गेलं. "ताई, मघाशी हीटर मी लावला. तुमचे हात गारठले होते म्हणून."

ताई खाली वाकल्या. गरम झोत टेबलाच्या कडेवरून वर चढून काट्यावर येत होता. "बरं झालं बोललीस. नाहीतर मी रात्रभर काट्याला शिव्या घातल्या असत्या."

हीटर बंद झाला. काटा पुन्हा गार होईपर्यंत दोघी स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या. मग ताईंनी काटा नव्याने कॅलिब्रेट केला, वजन तीनदा ठेवून पाहिलं आणि तिन्ही वेळा वीस आल्यावरच पुन्हा दहा काडतुसं भरली.

मॅचमध्ये त्या तिसऱ्या आल्या. एक गोळी वर्तुळाबाहेर गेली होती. "वारा असेल," उल्का म्हणाली.

"छे गं, वारा कुठला! ट्रिगर मी ओढला, घाईत. पावडर चोख होती, तिच्यावर कशाला ढकलू?"

एवढं ठामपणे स्वतःची चूक सांगणारं माणूस उल्काने ऑफिसात एकही पाहिलं नव्हतं. तिने ताईंची जड बॅग उचलली आणि त्यांच्या मागून कार पार्कची वाट धरली.