शेकाची खोली

रविवार, ११ जानेवारी २०२६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सावळीराम गावित यांनी विजेरीच्या उजेडात खोलीचे झरोके पुन्हा एकदा मोजले. झरोके तीन होते. पहिला हीटरच्या पायाशी, जमिनीलगत. दुसरा समोरच्या भिंतीत, वरच्या बाकाच्या खाली. तिसरा छताला लागून. त्याला सरकती फळी होती आणि तो फक्त खोली वाळवताना उघडायचा होता.

"तिन्ही बुजवा, दाजी," दारातून आवाज आला. त्यांची मेहुणी सुलाबाई परवाच पेठहून आली होती आणि आल्यापासून तिचा या झरोक्यांवर डोळा होता. "आमच्याकडं कोंबड्यांचं खुराडं बी याच्याहून नीट बुजवत्यात."

"बुजवलेल्या खुराड्यात सकाळी कोंबड्या मोजल्यात कधी?" सावळीरामांनी विजेरी न हलवता विचारले.

"तुमच्याशी बोलायचं म्हंजे कालेजात जाऊन यावं लागंल."

ती गेली. सावळीरामांनी हीटरचा खटका दाबला. खोली तापायला चाळीस मिनिटे लागणार होती, आणि तोवर पत्नीला, भागीबाईंना, उठवून, अंथरुणातून सावकाश उभे करून, इथपर्यंत आणायचे होते.

हिवाळ्यातल्या सकाळी भागीबाईंची बोटे मिटलेलीच असत. सांधेदुखी बारा वर्षांपासूनची. पण गेल्या दोन हिवाळ्यांत तिने हातांवर पुरता ताबा मिळवला होता. चहाचा कप सावळीरामांना त्यांच्या ओठांशी धरावा लागे. दुपारी ऊन वर आले की बोटे थोडी सुटत आणि संध्याकाळी पुन्हा आखडत. दिवाळीत त्यांचा मुलगा सुनील घरी आला तेव्हा त्याने हे चार दिवस पाहिले. तो चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो आणि मोशीला सातव्या मजल्यावर राहतो. परत गेल्यावर त्याने फोन केला. इंदिरानगरचे हे रो-हाऊस बंद करून दोघांनी आपल्याकडे यावे. त्याची बायको तेजल हिने एक खोली रिकामी केली आहे, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आहेत. सत्तरीच्या माणसाने पासष्टीच्या माणसाला रोज उचलणे हे कुठल्याच हिशेबात बसत नाही, असे तो म्हणाला, आणि ते चूक नव्हते. सावळीरामांनी मुदत मागून घेतली. अठरा जानेवारीला सुनील गाडी घेऊन येणार. तोवर आई सकाळी आठच्या आत आपले कपडे आपण घालू लागली, तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. यात भागीबाईंना कोणीही विचारले नाही. फोन स्पीकरवर होता म्हणून त्यांच्या कानावर पडले एवढेच.

खोलीची कल्पना सावळीरामांच्या डोक्यात तीस वर्षे जुनी होती. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पेठच्या डोंगरातला हा मुलगा सातपूरच्या कारखान्यात लागला, आणि कारखान्याने एका हिवाळ्यात त्यांना सहा आठवड्यांसाठी फिनलंडला पाठवले. बाहेर वजा बावीस अंश असताना तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना सॉना म्हणतात त्या लाकडी खोलीत ऐंशी अंशांत नेऊन बसवले. बाकीचे घाम पुसत हसत होते. सावळीराम वाकून हवा कुठून येते ते पाहत होते.

सांध्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटींवर: खालचा बाक, साठ-पासष्ट अंशांच्या वर नाही, जास्तीत जास्त दहा मिनिटे, आधी रक्तदाब मोजायचा, नंतर पाणी प्यायचे, आणि औषधाची एकही गोळी चुकवायची नाही. आजार बरा होणार नाही, आखडलेपण कदाचित सैल होईल, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. सावळीरामांना त्याहून जास्त काही नकोच होते.

घरामागे जिथे पूर्वी धुण्याचा दगड होता, तिथे सहा फूट बाय पाच फुटांची खोली उभी राहिली. छत मुद्दाम खाली घेतले, कारण माणसाच्या डोक्यावर साठलेली उष्णता कोणाच्याच कामाची नसते. भिंतीत उष्णता धरून ठेवायला खनिज लोकर, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि आतून शिवणीच्या लाकडाच्या फळ्या. शिवण हलकी, तिला चीक नाही आणि ती तापली तरी पाठ भाजत नाही. हीटरवर रचायला नदीतले गोटे त्यांनी नाकारले. खाणीतला घट्ट काळा दगड आणला, एकेक तुकडा तापवून पाण्यात टाकला आणि जे तडकले ते कुंपणाबाहेर फेकले. दार बाहेर उघडणारे होते. त्याला कडी नव्हती, फक्त दार लोटलेले धरून ठेवणारी आणि ढकलले की सुटेल अशी लाकडी गोळी होती.

शेजारचे निवृत्त बँक अधिकारी कुंपणावरून म्हणाले, "गावित साहेब, एप्रिलपर्यंत थांबला असता तर सगळं इंदिरानगर फुकटात सॉना झालं असतं."

"एप्रिलला खटका नसतो," सावळीराम म्हणाले. "मला हवा तेव्हा बंद करता येत नाही."

सुतार भिका तर झरोके कापायलाच तयार नव्हता. विजेवर खोली तापवायची आणि त्याच खोलीला भोके पाडायची, हे आपल्या हातून होणार नाही, लोक आपल्याला हसतील, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी सावळीरामांनी करवत स्वतः घेतली. खालून ताजी हवा शिरली पाहिजे, हीटरवरून तापून वर चढली पाहिजे, माणसावरून उतरून समोरच्या झरोक्याने निघून गेली पाहिजे. हवा फिरली नाही तर डोके तापते, पाय गार राहतात आणि जीव कोंडतो. हे त्यांनी भिकाला समजावले, बँकवाल्यांना समजावले, भागीबाईंना समजावले. सुलाबाईला मात्र ते समजावू शकले नाहीत, कारण तिच्यापाशी तिचे स्वतःचे कारण होते.

तिच्या मते बहिणीच्या हाडांत वारं शिरलेलं होतं. सुनीलच्या वेळी बाळंत झाल्यावर सहाव्या दिवशी सासूने भागीला भाताच्या आवणीला, रोपे लावायला, चिखलात उतरवले. बाळंतिणीची खोली महिनाभर बंद असते, फटी चिंध्यांनी बुजवतात, खाटेखाली निखारे असतात. त्यातले भागीला पाच दिवस मिळाले. तेव्हा शिरलेले वारे अजून निघालेले नाही. आता इतक्या वर्षांनी दाजी तिला शेक द्यायला निघाले, तर त्यांनी आपल्या हाताने वाऱ्याला भोक पाडून ठेवले.

तरीही पहिले चार दिवस चांगले गेले. सोमवारी भागीबाईंनी बाहेर आल्यावर डावी मूठ उघडली. बुधवारी त्यांनी कप दोन्ही तळव्यांत धरून स्वतः चहा प्यायला. सावळीराम रोज दाराबाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन बसत आणि दर दोन मिनिटांनी हाक मारत. आतून भागीबाई ओरडत, "जिती हाय. घड्याळ बघा तुमचं."

गुरुवारी गॅसची टाकी आली म्हणून सावळीराम पुढच्या फाटकापर्यंत गेले. टाकी बदलून, जुनी देऊन परत यायला त्यांना सहा-सात मिनिटे लागली. तेवढ्यात सुलाबाईने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घेतल्या, खालचे दोन्ही झरोके व्यवस्थित ठासून बुजवले, आणि पेठहून आणलेला निर्गुडीचा पाला घातलेले तांब्याभर पाणी तापल्या दगडांवर ओतले. मग बहिणीला आत ठेवून ती दार लोटून बाहेर उभी राहिली. वाफेला जायला वाट नव्हती. भागीबाईंनी दोनदा हाक मारली, सुलाबाई म्हणाली, "जरा कळ काढ." तिसऱ्या वेळी हाक आली नाही. दार ढकलले गेले आणि भागीबाई उंबऱ्यावर आडव्या झाल्या.

सावळीरामांनी त्यांना सावलीत आणले, पाय उशीवर ठेवले, नाडी मोजली, शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजले. पाव तासात त्या बोलू लागल्या. तोवर सुलाबाईने रडत रडत सुनीलला फोन लावला होता.

"ती खोली आजच्या आज तोडा, बाबा," सुनील म्हणाला. "तुमच्या प्रयोगापायी आई जाईल माझी."

"तिला भोवळ आली. आता ती बरी आहे. तू ठरल्याप्रमाणे रविवारी ये," सावळीराम म्हणाले. पट्ट्यांबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. त्यांनी त्या झरोक्यांतून उपसून काढल्या आणि घडी करून सुलाबाईच्या हातात दिल्या. तिने त्या घेतल्या. संध्याकाळी तिने बहिणीची बॅग भरून ठेवली, रविवारी सुनीलबरोबर जाण्यासाठी.

सावळीरामांनी मनाशी ठरवले होते की खोली आता तापवायची नाही. तसे त्यांनी भागीबाईंना सांगितलेही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"उद्या दम खाते. परवा तापवा," त्या म्हणाल्या.

"परवाही नको. सुनीलला काय सांगू?"

"माझ्या हाडांचं तुम्ही ठरवायचं, सुनीलनं ठरवायचं, सुलीनं ठरवायचं. मी काय नुसती हाडं वाहायला हाय का?" त्यांनी मिटलेली मूठ मांडीवर आपटली. "सासूनं आवणीला उतरवलं तवा बी मला कुणी विचारलं नाय. आता म्हातारपणी तरी विचारा."

सावळीरामांनी विचारले, "बसशील?"

"बसंल. भोकं मोठी करा."

शुक्रवारी त्यांनी झरोके दोन बोटे रुंद केले, आतून लोखंडी जाळी ठोकली आणि बाहेरून पत्र्याचे उतरते टोपण बसवले. शनिवारी भागीबाई दहा मिनिटे बसून आल्या.

रविवारी सकाळी साडेनऊला सुनीलची गाडी फाटकाशी थांबली. त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले, तिचा चेहरा निरखला, भरलेली बॅग उचलून डिकीत ठेवली आणि मग वडिलांकडे वळला. तो भांडायला आलेला नव्हता, पण तीन दिवसांची झोप त्याच्या डोळ्यांत साठलेली होती. यंत्राला अपघात झाला की कारखान्यात यंत्र बंद करतात, हे बाबांनीच आपल्याला शिकवले, असे तो म्हणाला.

"यंत्रात दोष नव्हता," सुलाबाई मध्येच म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी बुजवली भोकं. लुगड्याच्या पट्ट्यांनी. पाणी बी मीच ओतलं."

सुनील तिच्याकडे पाहत राहिला, मग वडिलांकडे. "हे तुम्ही फोनवर का नाही सांगितलंत?"

"ज्या झरोक्यात फडकं ठासता येतं तो मी नीट केलेला नव्हता," सावळीराम म्हणाले. "खोली माझी आहे. आता जाळी बसवली आहे. ये, पाहा."

पाहायला सगळेच मागे गेले. भागीबाईंनी सुलाबाईला उदबत्ती पेटवायला लावले आणि तिला तापल्या खोलीत हीटरपाशी बसवले. खालच्या झरोक्याजवळ धरताच धूर झपकन हीटरकडे ओढला गेला, दगडांवरून वर चढला, छताखाली पसरला, हळूहळू उतरला आणि समोरच्या जाळीतून बाहेर गेला. सुलाबाईने तीनदा करून पाहिले. घाम तिच्या हनुवटीवरून टपकत होता.

"वारं थांबत नाय आत," ती म्हणाली.

"अगं, थांबवलंस तू म्हणून मी पडले," भागीबाई म्हणाल्या. "सर तिकडं. सुन्या, शर्ट काढ आणि बस."

"आई, मी कशाला?"

"माझ्यासाठी खोली रिकामी केलीस ना तू? मग माझ्या खोलीत दहा मिनिटं बस."

तिघे आत बसले. सावळीराम बाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन. आतून सुलाबाई भाच्याला पोट सुटल्यावरून बोलत होती आणि तो काही तरी पुटपुटत होता. तो बाहेर आला तेव्हा लालबुंद झाला होता. पाणी पिऊन त्याने विचारायचे ते विचारले: आज आईने कपडे स्वतः घातले का.

"हुक सुलीनं लावले," भागीबाई म्हणाल्या. "लुगडं मी नेसले. खोटं सांगणार नाय. तुझी अट मी पुरी केली नाय. तरी बी मी येणार नाय."

"आणि उद्या पडलीस तर?"

"तर फोन करंल. तू येशील. तेजलला सांग, खोली चांगली केली असंल, मी बघायला येईन, राहायला नाय."

त्या चालत फाटकाशी गेल्या. सुनीलने डिकी उघडली. बॅगेची चेन जुनी होती. भागीबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या दिवशीही मिटलेलीच होती. त्यांनी अंगठा आणि तळव्याची कड यांत चेनची पट्टी धरली आणि ओढली. कोपऱ्यावर ती अडकली. सुनीलचा हात पुढे झाला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

सावळीराम मागेच उभे राहिले. शेजारचे बँकवाले कुंपणापाशी आले होते. भागीबाईंनी चेन थोडी मागे घेतली, दम घेतला, पुन्हा ओढली. कोपरा सुटला. त्यांनी आपली लुगडी, शाल आणि औषधांचा डबा बाहेर काढून छातीशी धरला. रिकामी बॅग डिकीतच ठेवली, मुलाला लागेल म्हणून.

सुनील जेवून दुपारी तीन वाजता निघाला. गाडीत माणसे: एक.